स्वप्रकाशित कादंबरीचे मुखपृष्ठ कसे निवडावे

स्वखर्चाने कादंबरी प्रकाशित करणाऱ्या लेखकाला अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, कागद आणि बांधणी या कामांत जाणकारांचा सल्ला घ्यावा लागतो हे सहज पटते. मुखपृष्ठ मात्र आपले आपण निवडता येईल असे त्याला वाटते, कारण ती कादंबरी त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाच माहीत नसते. नेमकी हीच माहिती मुखपृष्ठ निवडताना आड येते. लेखकाला चित्रात जे दिसते त्यातले बरेचसे त्याच्या मनातून आलेले असते. अंगणातला पारिजातक पाहताच त्याला चौदाव्या प्रकरणातली आजी आठवते, तर दुकानात उभ्या असलेल्या वाचकाला फक्त एक झाड दिसते. मुखपृष्ठ या दुसऱ्या माणसासाठी असते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा : ज्याने ही कादंबरी वाचलेली नाही, त्याला हे चित्र काय सांगेल?

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कादंबरी कल्पू. कसबा पेठेतील एका जुन्या वाड्याच्या वाटणीवरून तीन भावंडांत अंतर पडते आणि वाडा बांधकाम व्यावसायिकाच्या ताब्यात जाण्याच्या आतल्या एका वर्षात ते अंतर कसे वाढत जाते, अशी ती कादंबरी आहे. पृष्ठे २४०, आकार डेमी (साडेपाच बाय साडेआठ इंच), प्रती पाचशे.

पायरी १ : चित्रे पाहण्याआधी अर्धे पान लिहावे

संगणकावर चित्रे शोधण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. कादंबरी कोणत्या प्रकारची आहे : कौटुंबिक, ऐतिहासिक, रहस्यप्रधान, सामाजिक, की विनोदी? ती कोणत्या काळात आणि कोठे घडते? वाचून संपवल्यावर मनात कोणता भाव उरावा? आणि ती कोणत्या वाचकाने हातात घ्यावी? चौथ्या प्रश्नाला ‘सर्वांनी’ असे उत्तर देऊ नये, कारण त्या उत्तरावरून चित्रकाराला काहीच ठरवता येत नाही. ‘पुण्या-मुंबईत वाढलेला, घराच्या वाटणीचा अनुभव जवळून घेतलेला, चाळिशीच्या पुढचा वाचक’ हे उपयोगी उत्तर आहे.

या अर्ध्या पानात कथानक लिहू नये. कथानक लिहिले की चित्रकार प्रसंगाचे चित्र काढतो, आणि संदर्भ माहीत नसलेल्याला त्या प्रसंगाचा अर्थ लागत नाही.

पायरी २ : दुकानातली फळी पाहावी

अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांत किंवा डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात जाऊन आपल्या प्रकारच्या कादंबऱ्या जेथे मांडलेल्या असतात तेथे थोडा वेळ उभे राहावे. पुस्तक उचलण्याआधी, हातभर अंतरावरून, कोणत्या पुस्तकाचा प्रकार न वाचता कळतो हे टिपावे. रहस्यकथांवर गडद पार्श्वभूमी आणि ठळक, टोकदार अक्षरे दिसतात. कौटुंबिक कादंबऱ्यांवर घर, खिडकी, पाठमोरी स्त्री. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर घोडेस्वार, किल्ला, जिरेटोप किंवा पगडी. या रूढ खुणांचा लेखकांना कंटाळा येतो, पण वाचक त्यांच्याच आधाराने फळीवर आपले पुस्तक शोधत असतो. खुणा ओळखीच्या ठेवाव्यात आणि नवेपणा त्यांच्या आत आणावा. कौटुंबिक कादंबरीवर रहस्यकथेचे मुखपृष्ठ घातले तर रहस्य शोधणारा वाचक निराश होतो, आणि ज्याला ती आवडली असती तो ती उचलतच नाही.

बहुतेक पुस्तके फळीवर उभी असतात आणि त्यांचा फक्त कणा दिसतो, हेही याच भेटीत लक्षात येईल. ते पुढे कामी येणार आहे.

पायरी ३ : चित्राचा विषय ठरवावा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्या कल्पित कादंबरीच्या लेखकाला पहिल्यांदा शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा सुचेल, कारण कादंबरी पुण्याची आहे आणि वाड्याची आहे. पण तो दरवाजा पाहून कोणाच्याही मनात पेशवाई येते; कादंबरी न वाचलेला माणूस ती ऐतिहासिक समजेल. दुसऱ्यांदा सुचेल तो पडका वाडा : झिजलेल्या तुळया, गवत उगवलेली कौले. हे चित्र खोटे नाही, पण त्यातून गतकाळाची हुरहूर तेवढी कळते आणि भावंडांतला तंटा कळत नाही.

अशा वेळी कादंबरीतील वस्तूंची यादी करावी. भाव बोलून दाखवणारी पात्रे असतात, पण चित्रात भाव पकडायला वस्तू अधिक उपयोगी पडतात. या वाड्यात काय आहे? सामाईक नळ आहे, माजघरातली बंद घड्याळपेटी आहे, दिंडीदरवाज्याशी भिंतीवर ओळीने लावलेले विजेचे मीटर आहेत. हे मीटर पाहिले की एका घरात अनेक बिऱ्हाडे झाली हे कादंबरी न वाचलेल्यालाही कळते, आणि जुन्या दगडी भिंतीवर ते पाहिल्यावर वाटणीचा सल जाणवतो. तीन मीटर, त्यांतला एक बंद, भिंतीवर त्याच्या वायरीचे जुने डाग : या चित्रात प्रकार, काळ आणि भाव तिन्ही आले, आणि शेवट मात्र उघड झाला नाही. कादंबरीतून अशी एक वस्तू शोधणे हे लेखकाचेच काम आहे. चित्रकार ती सुंदर करू शकेल, पण शोधून देऊ शकेलच असे नाही.

चेहऱ्याबाबत सावध राहावे. मराठीत चेहऱ्याच्या मुखपृष्ठांची मोठी परंपरा आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या पिढीने रंगवलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर वाचकांनी मनापासून प्रेम केले. त्या चेहऱ्यांमागे कसलेल्या चित्रकाराचा हात होता आणि ते चेहरे त्याच पुस्तकासाठी किंवा अंकासाठी घडवलेले होते. छायाचित्रांच्या संग्रहातून विकत घेतलेला अनोळखी चेहरा नायिकेच्या जागी बसवला की वाचकाची कल्पना पहिल्या पानाआधीच अडकते, आणि तोच चेहरा उद्या एखाद्या जाहिरातीतही दिसू शकतो. चेहरा हवाच असेल तर तो चित्रकाराकडून काढून घ्यावा. नाहीतर द. ग. गोडसे, बाळ ठाकूर आणि पद्मा सहस्रबुद्धे यांच्या मुखपृष्ठांचा सूचक मार्ग अभ्यासावा : थोड्या रेषा, मोकळी जागा, आणि वाचकाच्या मनासाठी राखलेला वाव. सुभाष अवचट आणि चंद्रमोहन कुलकर्णी यांची मुखपृष्ठे पुण्यातील बहुतेक ग्रंथालयांत आणि दुकानांत पाहायला मिळतात. तीही शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

ऐतिहासिक कादंबरीच्या लेखकाने येथे आणखी एक तपासणी करावी. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले, त्यामुळे शिवकाळावरील कादंबरीच्या मुखपृष्ठावर तो दिसता कामा नये; पुणेरी पगडी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, ती बाजीरावाच्या काळातल्या माणसाच्या डोक्यावर शोभणार नाही. नऊवारीचे नेसणे, दागिने, शस्त्रे, घोड्याचे खोगीर या प्रत्येक गोष्टीत चूक काढणारे वाचक मराठीत आहेत, आणि त्यांचे म्हणणे रास्त असते.

पायरी ४ : चित्र कोठून आणायचे ते ठरवावे

मार्ग पाच आहेत : चित्रकाराकडून नवे चित्र, छायाचित्रकाराकडून नवे छायाचित्र, संग्रहातून विकत घेतलेले चित्र, हक्कांची मुदत संपलेले जुने चित्र, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले चित्र.

पाचशे प्रतींच्या कादंबरीसाठी माझी पहिली पसंती नव्या चित्राला आहे, आणि पुण्यात ते वाटते त्यापेक्षा जवळ आहे. अभिनव कला महाविद्यालयातून उपयोजित कलेचे शिक्षण घेतलेले अनेक तरुण या शहरात काम करतात. बालगंधर्व रंगमंदिरातील कलादालनात आणि घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालनात वर्षभर प्रदर्शने भरतात. प्रदर्शनात चित्रकाराचे काम प्रत्यक्ष पाहता येते आणि त्याच्याशी बोलताही येते. मात्र भिंतीवर टांगण्याचे चित्र उत्तम काढणाऱ्याला पुस्तकाच्या आकारात अक्षरांसाठी जागा सोडण्याची सवय असेलच असे नाही, म्हणून त्याने आधी केलेली पुस्तकांची किंवा अंकांची मुखपृष्ठे पाहायला मागावीत.

संग्रहातील चित्र स्वस्त पडते, पण बहुतेक वेळा आपण फक्त वापराचा परवाना घेतलेला असतो. तेच चित्र दुसऱ्या कोणाच्याही पुस्तकावर येऊ शकते. परवान्यात छापील पुस्तकाचा उल्लेख आहे का आणि प्रतींची मर्यादा किती आहे हे वाचावे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर सर्वांना वापरायला दिलेली, चित्रे विनामूल्य मिळतात, परंतु त्यांपैकी काहींवर व्यावसायिक वापरास मनाई असते, आणि विक्रीस ठेवलेली कादंबरी हा व्यावसायिकच वापर आहे. काही परवान्यांत चित्रात बदल करण्यासही मनाई असते.

जुन्या चित्रांबाबत गैरसमज फार आहेत. ‘जुने आहे म्हणजे मोकळे आहे’ असे धरून चालू नये. भारतात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या चित्रांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. फक्त संग्रहालयाकडून छायाप्रत घेतली तर त्या संग्रहालयाच्या अटी पाहाव्या लागतात. दलाल १९७१ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची चित्रे २०३१ अखेरपर्यंत वारसांच्या किंवा हक्कधारकांच्या परवानगीशिवाय वापरता येणार नाहीत. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजत. २०१२ च्या दुरुस्तीने ती तरतूद वगळली आणि छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या हयातीसह ६० वर्षांचे संरक्षण मिळाले. म्हणून १९६१ च्या पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहिणाऱ्याने त्या दिवसांतले छायाचित्र मुखपृष्ठावर घेण्याआधी ते कोणी काढले आणि हक्क आज कोणाकडे आहेत याचा शोध घ्यावा. शोध लागला नाही तर ते छायाचित्र चित्रकाराला संदर्भ म्हणून दाखवून वेगळ्या रचनेचे स्वतंत्र चित्र काढून घ्यावे. छायाचित्र जसेच्या तसे गिरवून घेऊ नये.

आपल्या घरच्या अल्बममधील छायाचित्रालाही हे लागू आहे. आजोबांचे छायाचित्र घरात असले तरी ते एखाद्या स्टुडिओत काढलेले असू शकते. त्यातली माणसे हयात असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र काढून घेणे आज सर्वांत सोपे आहे, पण मी ते कादंबरीसाठी सुचवत नाही. त्या चित्रांत नऊवारी नेसणे, मंगळसूत्राची घडण, वाड्याच्या खांबांचे कोरीवकाम या गोष्टी चुकीच्या पण आत्मविश्वासाने आलेल्या असतात, आणि देवनागरी अक्षरे बऱ्याचदा अर्थहीन येतात. चित्रकाराशी बोलताना कल्पना दाखवण्यापुरता त्यांचा उपयोग करता येतो. तरीही असे चित्र वापरायचेच ठरले, तर ॲमेझॉनच्या किंडल प्रकाशन सेवेत पुस्तक देताना तशी माहिती द्यावी लागते. ही अट मुखपृष्ठालाही लागू आहे.

पायरी ५ : चित्रकाराशी लेखी ठरवावे

चित्रकार ओळखीचा असला तर कागद करायला संकोच वाटतो. संकोच बाजूला ठेवावा. कागदामुळे दोघांचेही नाते सुरक्षित राहते. स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कादंबरीची दुसरी आवृत्ती सहा वर्षांनी निघाली किंवा अमेरिकेतील मराठी वाचकाने ई-पुस्तक घेतले तर काय, याचा विचार आजच करावा.

एका पानाच्या करारात पुढील गोष्टी याव्यात : चित्र कोणकोणत्या रूपात वापरायचे (छापील पुस्तक, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, जाहिरात, फलक), किती वर्षे, कोणत्या आवृत्त्यांपर्यंत, मोबदला किती व कोणत्या टप्प्यांत, किती कच्ची रेखाटने दाखवली जातील आणि किती वेळा दुरुस्ती होईल, काम मध्येच थांबले तर किती रक्कम द्यायची, मूळ चित्र कोणाकडे राहील. मूळ चित्र चित्रकाराकडे ठेवण्याची रीत चांगली आहे. हक्क घेतले तरी चित्राची मोडतोड केल्याने चित्रकाराची प्रतिष्ठा दुखावत असेल तर तक्रार करण्याचा त्याचा विशेष अधिकार कायद्याने राखलेला आहे. म्हणून चित्र उलटे फिरवणे, त्याचा तुकडा कापून घेणे किंवा रंग बदलणे त्याला विचारल्याशिवाय करू नये.

चित्रकाराला संपूर्ण हस्तलिखित द्यावे, पण पहिल्या पायरीतले अर्धे पान आधी द्यावे. रेखाटने आल्यावर ‘यात माझा नायक असा नाही’ यापेक्षा ‘हे पाहून वाचकाला ही प्रेमकथा वाटेल’ असे सांगितले तर चित्रकाराला पुढे काम करता येते.

पायरी ६ : अक्षरांना चित्राइतकेच महत्त्व द्यावे

चांगले चित्र वाईट अक्षरांनी वाया गेल्याची उदाहरणे कोणत्याही दुकानात दिसतात. देवनागरीच्या गरजा रोमन लिपीहून वेगळ्या आहेत. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार येतात, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटी येते. म्हणून शीर्षक दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळू नये इतकी जागा लागते. अक्षरे लांबवण्यासाठी त्यांच्यात अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. म्हणून चित्र ठरवतानाच शीर्षकाची जागा ठरवावी. आपल्या उदाहरणात मीटरच्या वरची मोकळी दगडी भिंत हीच शीर्षकाची जागा आहे, आणि चित्रकाराने ती भिंत पुरेशी शांत ठेवली पाहिजे.

शक्य असेल तर शीर्षक हाताने काढून घ्यावे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या शीर्षकांसाठी जे अक्षरांकन केले, त्यातून शीर्षकाला स्वतःचा स्वभाव कसा देता येतो ते शिकता येते. हाताने काढणे शक्य नसेल तर मुक्त परवान्याचे चांगले युनिकोड फाँट आज उपलब्ध आहेत : मुक्त, बालू, तिरो देवनागरी मराठी, शोभिका. निवडलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का हे पाहावे, कारण काही फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा ‘र’ नीट उमटतो का तेही पाहावे.

एक तांत्रिक धोका ध्यानात ठेवावा. चित्रावर काम करण्याच्या काही संगणक प्रणालींत भारतीय लिप्यांची योग्य मांडणी चालू केलेली नसेल तर जोडाक्षरे सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर त्याची निरर्थक चिन्हे होतात. म्हणून अंतिम फाइलमध्ये शीर्षकाची अक्षरे आकृतीत, म्हणजे कर्व्हमध्ये, बदलून घ्यावीत, आणि बदलल्यानंतर ती पुन्हा एकदा मुद्रितशोधकाला दाखवावीत. आतल्या तीनशे पानांचे शोधन काटेकोर करून मुखपृष्ठावर लेखकाचे नावच चुकलेले पुस्तक निघू शकते, कारण मुखपृष्ठ कोणी ‘वाचत’ नाही.

पायरी ७ : कणा आणि मलपृष्ठ

२४० पृष्ठे म्हणजे १२० कागद. एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर कणा १२ मिलिमीटर होतो. पण कागदागणिक हे बदलते, म्हणून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घेऊन कणा पट्टीने मोजावा आणि मगच रचना पूर्ण करावी. कण्यावरचा मजकूर एका ओळीत वरून खाली वाचला जावा, म्हणजे पुस्तक मुखपृष्ठ वर करून टेबलावर ठेवल्यास तो सरळ दिसतो. देवनागरी अक्षरे एकाखाली एक रचू नयेत. कण्याच्या तळाशी महत्त्वाचे काही ठेवू नये, कारण ग्रंथालये तेथेच क्रमांकाची चिठ्ठी डकवतात, आणि मराठी कादंबरीच्या खरेदीत ग्रंथालयांचा वाटा मोठा असतो.

मलपृष्ठावर पाठराखणीचा मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांचा पुरतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक घ्यावेत. बारकोडसाठी सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटरची पांढरी जागा सुरुवातीपासून सोडावी.

पायरी ८ : ज्यांनी वाचलेली नाही त्यांना दाखवावे

दोन किंवा तीन पर्याय प्रत्यक्ष आकारात छापून, त्याच जाडीच्या एखाद्या पुस्तकावर गुंडाळून घ्यावेत. ज्यांना कादंबरीबद्दल काहीही माहीत नाही अशा आठ-दहा वाचकांना एकेक पर्याय काही क्षण दाखवून बाजूला ठेवावा. ‘आवडले का?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला लोक सौजन्याने होकार देतात. ‘ही कशाबद्दलची कादंबरी असेल? कोणत्या काळातली? तुमच्या ओळखीत ही कोण वाचेल?’ असे विचारावे आणि उत्तरे शब्दशः लिहून ठेवावीत. मीटरचे चित्र पाहून कोणी ‘घरातली भांडणे’, ‘जुना वाडा पाडणार आहेत’ असे म्हणाले तर काम झाले. बहुतेकांनी ‘वीज खात्यावरची आहे का?’ असे विचारले, तर मीटर लहान करून वाडा अधिक दिसू द्यावा लागेल. पुस्तक विक्रेत्याचे मत अवश्य घ्यावे, कारण ग्राहक कोणते पुस्तक उचलतात आणि परत ठेवतात हे तो रोज पाहतो.

घरच्या व्हॉट्सॲप समूहावर मतदान घेण्याचा मोह टाळावा. नातेवाइकांना कादंबरी ठाऊक असते किंवा लेखक तरी ठाऊक असतो, आणि बहुमताने निवडलेले चित्र बहुधा सर्वांत मवाळ असते.

त्याच बैठकीत दोन तपासण्या उरकाव्यात. मुखपृष्ठ मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे करून शीर्षक वाचता येते का ते पाहावे, कारण ऑनलाइन दुकानात ते तेवढेच दिसते. मग ते कृष्णधवल करून पाहावे, कारण वृत्तपत्रातील परिचयाबरोबर ते तसेही छापून येऊ शकते. लाल अक्षरे हिरव्या पार्श्वभूमीवर रंगीत असताना उठून दिसतात आणि कृष्णधवल झाल्यावर जवळजवळ नाहीशी होतात.

पायरी ९ : छापखान्यात पाठवण्याआधी

डेमी पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते. ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, केवळ पुढच्या पानासाठी १६५० बाय २५५० पिक्सेलचे चित्र लागते. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग फाइल करावी आणि चारही कडांना कापणीसाठी ३ मिलिमीटर जादा चित्र ठेवावे. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाऊन लहान होते. ती डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावी. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, पद्धतीत बदलून पाहावेत, कारण पडद्यावरचा झळझळीत निळा आणि हिरवा कागदावर मंद होतो. किंडलसाठी २५६० पिक्सेल उंची आणि १६०० पिक्सेल रुंदीची शिफारस आहे. हे प्रमाण डेमीपेक्षा किंचित उभट असल्यामुळे छापील मुखपृष्ठ ताणून बसवू नये, रचना नव्याने जुळवून घ्यावी.

कडेने बारीक चौकट आखू नये. कापणीत एक-दोन मिलिमीटरचा फरक पडतोच, आणि चौकट असली की तो लगेच नजरेत येतो. गडद रंगीत पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे ठेवली तर चार रंग नेमके एकावर एक न बसल्यास ती भरून जातात.

मुखपृष्ठासाठी साधारणपणे २५० ते ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) आर्ट कार्ड वापरतात. मॅट लॅमिनेशनने चित्र शांत आणि थोडे फिके दिसते, ग्लॉसने रंग खोल दिसतात पण उजेड परावर्तित होतो. काळ्या मॅट मुखपृष्ठावर बोटांचे ठसे आणि ओरखडे लवकर दिसतात, म्हणून दुकानात हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकासाठी ते जपून निवडावे. लॅमिनेशन एकाच बाजूला असल्याने पावसाळ्यातील दमट हवेत मुखपृष्ठ वळते. कार्डाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर ठेवण्यास मुद्रकाला सांगावे, म्हणजे वळणे कमी होते.

पूर्ण छपाईआधी त्याच कार्डावर, त्याच लॅमिनेशनसह एक नमुना घ्यावा. तो दिवसाच्या उजेडात आणि दुकानासारख्या दिव्याखाली पाहावा, आणि पसंत पडल्यावर त्यावर सही व तारीख घालून एक प्रत मुद्रकाकडे, एक स्वतःकडे ठेवावी. रंगाबाबत मतभेद झाला तर हाच नमुना आधाराला येतो. छपाई झाल्यावर सुट्या थरांची मूळ फाइल, फाँट, परवान्याची पावती आणि करार एकाच ठिकाणी जपून ठेवावेत, कारण दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी छापखाना बदललेला असू शकतो. श्रेयपृष्ठावर चित्रकाराचे आणि अक्षरांकन करणाऱ्याचे नाव ते जसे लिहितात तसेच छापावे आणि पहिल्या गठ्ठ्यातील प्रती त्यांना पोचत्या कराव्यात.